खिंडीपर्यंतची वाळू

याकुशिमा, ३ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाहुण्यांना घेऊन धबधब्यावर गेलो होतो. कियोमीने ते देवघरात सासू-सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवलं होतं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते उभ्या उभ्याच फोडलं. वाटलं, कुणीतरी गेलं. सहा वर्षांत तुझं अक्षर या घरात आलं नव्हतं.

पोटातली गाठ साधी आहे की वाईट हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि लगेच पुढच्या ओळीत इथल्या पावसाची चौकशी केलीस. पाऊस आहे तसाच आहे. ओसाकाला ज्याला महिन्याचा पाऊस म्हणतात तो इथे दुपारी जेवायच्या वेळेत पडतो.

तू लिहिलंस, शरदातल्या डोंगरभेटीला गावाची वाळू घेऊन जो कुणी वर जाईल त्याच्याकडे माझ्याही नावाची चिमूटभर दे, आपल्या घरासमोरच्या किनाऱ्यावरची. 'हसू नकोस' असंही लिहिलंस. 'आणि वरच ठेवायला सांग, मध्ये कुठे नको. गाव सोडल्यापासून मी खालीच राहिलोय.' मी हसलो नाही, दादा.

योग असा की यंदा पाळी आपल्याच घराची होती. माझ्या जोडीला संत्रीवाला मित्सुरु यायचा होता, पण वादळाने त्याच्या शेडचं छप्पर उडवलं, तेव्हा मी म्हटलं, मी एकटा जातो. "तुला काय, तू रोजचाच वर," म्हणून सगळे हसले.

पहाटे समुद्रात अंघोळ केली, घराघरांनी देवाला सांगायला दिलेली नावं आणि गाऱ्हाणी एकदा घोकली. बांबूच्या नळीत गावाची वाळू भरली, तुझी वेगळी, एका छोट्या डबीत. हवा इतकी स्वच्छ होती की शिखर अगदी हाताच्या अंतरावर वाटत होतं. त्याच्या माथ्यावरचा तो कपाळासारखा खडकसुद्धा स्पष्ट दिसत होता. पश्चिमेला पलीकडच्या बेटावरच्या ज्वालामुखीचा धूर सरळ वर चढत होता, वाऱ्याने जराही न हलता. असा दिवस वर्षात एखादाच मिळतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझी वाळू जागेवर पोचली. आता काळजी करू नकोस.

सोबत डोंगरावरच्या शाकुनागेच्या झुडपाचं एक पान पाठवतो आहे. परतताना आणलेल्या ज्या फांद्या गावात वाटल्या त्यांतलंच आहे. उशाशी ठेव. तोमोए वहिनींना नमस्कार.

शिगे

याकुशिमा, २९ ऑक्टोबर

दादा,

पान न वाकता पोचलं हे वाचून बरं वाटलं. 'छान गुळगुळीत आहे, शर्टाच्या खिशात ठेवलंय' असं लिहिलंस. नीट जप.

तू विचारलंस, माथ्यावरच्या कपारीत बाबांनी ठेवलेली दारूची वाटी अजून आहे का. वाटीचं माझ्या लक्षात राहिलं नाही. वर गेल्यावर माणूस देवाकडे बघतो, आजूबाजूला कुठे बघतो.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आलो. असू दे, लिहिलं ते लिहिलं.

डोंगरभेटीहून परत आलो तेव्हा नेहमीसारखं सगळं गाव वेशीवर आलं होतं. किनाऱ्यावर चटया, तळलेले मासे, रताळ्याची दारू. प्रत्येक घराला मी एकेक फांदी दिली. फुकीआजी आठवते ना? आपल्या शेजारची, तू तिचे जर्दाळू चोरायचास आणि मार मी खायचो. तिने फांदी हातात घेतली, एक पान उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "यंदा देव बराच खाली उतरून भेटला वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

धंद्याचं विचारलंस. बरा चालला आहे. पाहुण्यांना मी आता जास्त करून खालचंच दाखवतो. शेवाळाचं जंगल, पोकळ खोडातून आभाळ दिसतं ते देवदार, दोन धबधबे, समुद्राच्या कडेची गरम पाण्याची कुंडं. लोक खूश होतात. शिखराचं विचारलं तर सांगतो, वर धुकं असतं हो, चढून काही दिसत नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

गेल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. नागोयाहून आलेलं एक जोडपं होतं. त्यांना मी खिंडीपर्यंत नेलं आणि म्हटलं, इथून पुढे आज धुकं आहे. तेवढ्यात वरून चार पोरी खिदळत उतरल्या. "काका, काय दिसतं हो वरून! समुद्र दोन्हीकडून!" पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यातला नवरा सभ्य होता, म्हणाला, "हवा बदलली असेल." बायको म्हणाली, "केव्हा? आत्ताच्या आत्ता?" मी वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. ती सुटलेली नव्हती.

हे तुला का लिहितोय कळत नाही. हसशील म्हणून असेल.

एक बदल केला आहे. तोंड धुवायला मी हल्ली अंगणातल्या मागच्या नळावर जात नाही. पुढच्या नळावर धुतो. तिथे पाणी जोरात येतं. आणि समोर समुद्र आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दिवा लावीन.

शिगे

याकुशिमा, २ डिसेंबर

दादा,

वहिनींचा फोन आला तेव्हा कियोमीने हाताला लागलेलं पीठ तसंच ठेवून फोन धरला आणि ऐकता ऐकता जमिनीवर बसली. मला वाटलं, संपलं. मग ती डोळे पुसत हसली. गाठ साधी निघाली, सगळी काढली, तू शुद्धीवर येऊन पहिल्यांदा काय मागितलंस तर सुक्या मासळीचं कालवण, आणि नर्सने तुला झापलं. कियोमीने ही गोष्ट दिवसभर गावाला सांगितली. 

वहिनी म्हणाल्या, भूल द्यायला नेईपर्यंत पान तुझ्या मुठीत होतं, आणि तू त्यांना म्हणालास, वर आपली वाळू आहे, मला काही होत नाही. मी फोनवर 'हो, हो' म्हणत राहिलो.

मग तुझं पत्र आलं. मे महिन्यात येणार म्हणतोस. वर जायचं म्हणतोस.

दादा, नीट विचार कर. मे महिन्यात इथे पाऊस सुरू झालेला असतो. वरच्या वाटेवरचा लाकडी पूल कुजलाय, कधी दुरुस्त होईल सांगता येत नाही. पोटाचे टाके आतून भरायला वर्ष लागतं असं मित्सुरुचा मेव्हणा सांगत होता, तो औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्यापेक्षा पुढच्या शरदात ये. किंवा मे महिन्यात ये, पण आपण खालचं बघू. तू गेलास तेव्हा शेवाळाच्या जंगलात धड वाट नव्हती, आता लाकडी पायऱ्या आहेत, म्हातारी माणसंही जातात. मोठा धबधबा आहे. कासवं अंडी घालायला येतात त्याच दिवसांत. कुंडात पाय सोडून बसू. एवढं बघण्यासारखं असताना शिखर कशाला?

आभार मनातून मानले तरी देवाला पोचतात. तूच म्हणायचास ना, दगड सगळीकडे सारखेच.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. खोडलं तर खाली काय आहे ते वाचायचा प्रयत्न करशील, म्हणून ठेवतो.

विश्रांती घे.

शिगे

याकुशिमा, १८ जानेवारी

दादा,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. कियोमी म्हणाली, "कागद महाग झालेत." मग ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "हातमोज्यांच्या खणात डबी कसली आहे ती? मी साफ करताना बघितली. आत वाळू आहे." मी तिला आधी सांगितलं. आता तुला सांगतो.

ती तुझी वाळू आहे.

माझ्या पहिल्या पत्रात खोटं वाक्य एकच आहे, 'तुझी वाळू जागेवर पोचली' हे. बाकी सगळं खरं होतं. शिखर स्वच्छ दिसत होतं, पण खिंडीतून. धूरही खिंडीतूनच दिसला. डोळ्यांत पाणीही तिथेच आलं. खरी वाक्यं मी त्या एका वाक्याच्या भोवती कुंपणासारखी लावली, आणि लावताना मला बरं वाटत होतं, याची आता जास्त लाज वाटते.

झालं असं. गेल्याच्या आदल्या वसंतात मी एका बाईंना माथ्यावर नेलं होतं. खाली उतरताना मोठ्या उताराच्या खडकावर त्यांची टोपी उडाली आणि खडकाच्या कडेशी एका झुडपाला अडकली. मी म्हटलं, थांबा, आणतो. खडक ओला होता. माझा पाय गेला आणि मी घसरत कडेपर्यंत आलो. बोटं एका फटीत अडकली म्हणून थांबलो. पाय खाली मोकळे होते. किती वेळ तसा होतो कुणास ठाऊक. वरून बाई हसत फोटो काढत होत्या, त्यांना वाटत होतं मी मुद्दामच असं लोंबकळतोय. मग मी कसाबसा वर आलो, टोपी झटकून त्यांना दिली. त्या म्हणाल्या, "किती सहज आणलीत हो!" मी म्हटलं, "रोजचंच आहे."

त्या दिवसानंतर खिंडीच्या पुढे माझे पाय चालत नाहीत. मी खूप प्रयत्न केला. खडक दिसला की हात फट शोधायला लागतात, जमीन सपाट असली तरी. आपल्या गावातला डोंगराचा गाईड, आपल्या बाबांचा मुलगा. कुणाला सांगणार? म्हणून धुकं सांगायला लागलो.

डोंगरभेटीच्या दिवशी मी पहाटेपासून मागत होतो की धुकं येऊ दे. देवाच्या भेटीला निघालेला माणूस, आणि देव दिसू नये असं मागत होता. धुकं आलं नाही. खिंडीत म्हाताऱ्यांचा दगड आहे ना, ज्यांना पुढे जाववत नाही त्यांनी लांबून हात जोडायचे, तिथे मी बराच वेळ उभा होतो. मग गावाची वाळू त्या दगडापाशी ओतली. माझ्या मनाला समजावलं, की इथूनही पोचतं, आजवर किती म्हाताऱ्यांचं पोचलं असेल. तुझी डबी उघडली आणि तुझं वाक्य आठवलं. मध्ये कुठे नको. मग ती बंद करून खिशात टाकली.

आणि वळलो. वळलो तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. बाबा गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, विधीला जमलेल्या सगळ्या नातलगांसमोर, तू म्हणालास की ते दगड आहेत रे, नुसते दगड. मी म्हणालो, डोंगराला पाठ दाखवून गेलेल्या माणसाने आमच्या देवाबद्दल बोलू नये. तू ताट तसंच सोडून दुपारच्या बोटीने गेलास. त्या दिवशी मला वाटलं होतं की मी देवाची बाजू घेतली.

पुढचं ऐक. लवकर परत गेलो असतो तर गावाला कळलं असतं, म्हणून मी ओढ्याकाठी ऊन कलेपर्यंत बसून राहिलो. देवापुढे ठेवायला कियोमीने दिलेले भाताचे गोळे मी तिथे बसून खाल्ले, कारण परत नेता येत नव्हते. समोरच्या दगडावर माकडं बसून माझ्याकडे बघत होती. मग तिथल्याच शाकुनागेच्या फांद्या तोडल्या. तुला इतकी वर्षं शहरात राहून बहुधा आठवत नसेल, म्हणून लिहितो. माथ्यावरच्या शाकुनागेच्या पानाला मागच्या बाजूने जाड तांबूस लोकर असते, थंडीपासून बचाव म्हणून. खाली उतरत जावं तशी ती विरळ होते, आणि ओढ्याकाठी पान जवळजवळ गुळगुळीतच असतं. फुकीआजीने तेच बघितलं. तुला पाठवलेलं पान ओढ्याकाठचं आहे.

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं का? मी खूप दिवस तसाच विचार केला. तू आजारी राहिला असतास, तर मी म्हटलं असतं की देव माझ्यावर रागावला, आणि रडून मोकळा झालो असतो. पण त्याने तुला बरं केलं. माझ्या हातून काही न घेता बरं केलं. आता त्याच्यासमोर मी तोंड कसं दाखवू, हे मला कळत नाही. मागच्या नळावरून डोंगर समोर दिसतो. म्हणून पुढच्या नळावर तोंड धुतो. तिथे पाणी जोरात येत नाही, तेही खोटंच.

मे महिन्यात तू ज्यासाठी येणार होतास ते वर नाहीच. तेव्हा येऊ नकोस असं म्हणत होतो ते पुलामुळे नाही. पूल चांगला आहे.

शिगे

याकुशिमा, ९ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मागत नाही. पोस्टमन दिसला की कियोमी आत जाते, आणि तो गेला की बाहेर येते, एवढंच.

काल गावाची बैठक होती, वसंतातल्या भेटीला कोण जाणार ते ठरवायची. तोराओकाका आता गावचे प्रमुख आहेत. त्यांनी विचारायच्या आत मी उभा राहिलो आणि म्हटलं, शरदातली भेट अजून पुरी झालेली नाही. मग सगळं सांगितलं, टोपीसकट.

मग मित्सुरु म्हणाला, "म्हणजे माझ्या संत्र्यांचं गाऱ्हाणं वर गेलंच नाही? तरीच म्हटलं, कीड हटत कशी नाही!"

"कीड तीन वर्षं आहे," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही फवारणी करत नाही म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "हा लोकांना डोंगर दाखवतो ना?"

"दाखवतो की. लांबून."

खूप हसले. हसू द्यायलाच हवं होतं. पण कियोमीही त्या खोलीत होती.

मग कोपऱ्यातून ओसामे वहिनी बोलल्या. त्यांचा नवरा समुद्रात गेला, तो तुझ्या वर्गात होता, आणि आता मुलगा बोटीवर असतो. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "शिगे, मी तुला माझ्या पोराचं नाव सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तो बरा आहे ना, वहिनी?"

"बरा आहे. त्याचं काही नाही. पण मी तुझ्या हातात दिलं होतं ते."

दादा, आजवर कुणाचं इतकं थोडकं बोलणं मला इतकं लागलेलं नाही. मी खाली बघत उभा राहिलो. फुकीआजीच्या मोज्यांना लाल ठिगळ होतं, तेवढं आठवतं.

तोराओकाकांनी फुकीआजीला विचारलं, "आजी, तुम्हाला पानावरून कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"फांदी दिली, मी देवापुढे लावली," ती म्हणाली. "खालचं पान देवाला चालत नाही असं कुणी सांगितलं? पान खोटं नव्हतं. हा खोटं बोलला. ते याचं याने बघायचं, माझं काय त्यात!" आणि मग, "मी काही त्याची आई नाही. त्याच्या आईने कानफटात दिली असती."

असं ठरलं की पाळी अजून आपल्याच घराची. वसंतातल्या भेटीला आपल्या घरातल्या कुणीतरी गावाची वाळू वर पोचवली पाहिजे, तोवर पाळी पुढे सरकणार नाही. मी म्हटलं, मी प्रयत्न करीन, पण मला माझी खात्री नाही. कियोमीचा गुडघा तुला माहीत आहे. तोराओकाका म्हणाले, "तेत्सुओ आहे ना. तोही त्याच घरचा."

मी म्हटलं, त्याचं पोट नुकतंच शिवलंय, आणि त्याला तोंड दाखवण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.

"मी त्याला बोलाव म्हटलं नाही," काका म्हणाले. "घरात कोण कोण आहे ते मोजलं."

मीही तुला ये म्हणत नाही. झालं ते कळवलं, एवढंच. पाहुणे नसतील त्या दिवशी मी खिंडीत जातो. परवा खडकाला हात लावून आलो. नुसता हात. तिथे दोन म्हातारे पाहुणे भेटले, काठ्या टेकत वरून उतरलेले. मला वाट सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "जा, जा, तुम्ही तर तरुण आहात." मी म्हटलं, "मी इथपर्यंतच." पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. त्यांनी मला एक गोळी दिली, आल्याची.

शिगे

याकुशिमा, १२ मे

दादा,

तुझं पाकीट आलं तेव्हा आतून आधी पान पडलं. मला वाटलं, परत पाठवलंस. मी बराच वेळ चिठ्ठी उघडलीच नाही. शेवटी कियोमी म्हणाली, "द्या इकडे," आणि तिनेच वाचून दाखवली. तुझं अक्षर अजून वाईट झालंय, ती दोनदा अडली.

'ऑक्टोबरात पाकीट उघडलं तेव्हाच पान उलटं केलं. बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं, मला पाठीवर थापटून आणि तुला खांद्यावर बसवून. छान गुळगुळीत आहे असं तुला मुद्दाम लिहिलं. तू काही बोलला नाहीस. वाटीचंही विचारलं. तू देवाचं काहीतरी लिहिलंस. मला वाटलं, याला सांगायला वेळ लागेल, तोवर मी मरू नये म्हणजे झालं.'

इथे कियोमी हसली आणि मग तिला पुढचं वाचता येईना. बाकीचं मी वाचलं.

तू लिहिलंस की वाळू वर नाही हे माहीत असूनच तू ते पान मुठीत धरलंस. वहिनींना वर वाळू आहे म्हणून सांगितलंस, कारण त्यांना धीर हवा होता. 'मला काय, खालचं असलं तरी आपल्याच डोंगराचं होतं.' आणि मे महिन्यात तू आभार मानायला येणार नव्हतास, वाळू वर ठेवायला येणार होतास, तुझ्या हातांनी. मीच पूल कुजवून टाकला.

जानेवारीच्या पत्राला उत्तर का दिलं नाहीस तेही लिहिलंस. 'चिडलो होतो. खोटं बोललास म्हणून नाही. शहरात राहून मी पान विसरलो असेन असं तुला वाटलं, म्हणून. लोकरीबद्दल मला शिकवतोस? तीन महिने मला त्याचाच राग होता.' मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवशी जे बोललो तेच मी जानेवारीत पुन्हा बोललो होतो, तेही माफी मागता मागता. मला ते कळलंसुद्धा नव्हतं. तू सांगितलंस म्हणून कळलं. तेव्हा माझं बोलणं ऐकून तू ताट सोडून गेलास. या वेळी गेला नाहीस.

परवाच्या बोटीने येतोस. मी धक्क्यावर असेन. तुझी डबी माझ्या खिशात असेल, पण ती मी उघडणार नाही. गावाची वाळू आपण दोघं पहाटे भरू. पाणी गार असेल, तुझ्या पोटाला चालेल का डॉक्टरांना विचारून ये. फुकीआजी म्हणते, त्याला नुसते पाय बुडवू दे, देव काही कपडे काढून बघत नाही. ओसामे वहिनींनी पोराचं नाव पुन्हा सांगितलंय. या वेळी तुला सांगणार आहेत, मला नाही. बरोबरच आहे.

पहिल्या दिवशी झोपडीपर्यंत जाऊ, तिथे मुक्काम करू, दुसऱ्या दिवशी सकाळी खडक. तोराओकाकांनी त्यांच्या बोटीवरची दोरी दिली आहे. पाहुण्यांना मी दोरी बांधायचो तेव्हा ते लाजायचे, मी त्यांना सांगायचो, लाजण्यासारखं काय आहे त्यात.

एकच मागणं आहे. पुढे तू चाल. तू हळू चालशील म्हणून लिहिलंस, तुला दम लागतो म्हणून. हळूच चाल, मलाही तेच हवंय. लहानपणी तुझ्या कमरेच्या पट्ट्याला धरून मी त्या खडकावरून जायचो, खाली बघू नको म्हणायचास आणि मग तूच म्हणायचास, बघ, आपलं घर दिसतं. पट्टा नीट जाडजूड लावून ये.

तरीही मी खिंडीतच थांबलो तर थांबेन. मग तू वर जा, आणि बाबांची वाटी आहे का ते बघून ये. परत आल्यावर गावाला मी खरं सांगीन.

आज सकाळी मागच्या नळावर तोंड धुतलं. धुकं होतं, डोंगर दिसत नव्हता. तरी तिकडेच तोंड करून उभा राहिलो.

शिगे